शूलपाणीने काटा कुठे उचलला

एका जंगलात एक सिंह होता. यात विशेष काही नाही, मुलांनो. गोष्टीतलं जंगल म्हटलं की एक सिंह असतोच आणि तो राजाच असतो. 'आपल्याकडच्या जंगलात सिंह नसतात', असं मागे बसून कोण म्हणालं? त्याने गोष्ट संपल्यावर भूगोलाच्या बाईंकडे जावं.

तर त्या सिंहाला आपण जरा वेळ झोपू देऊ. तो झोपलेलाच असतो. आपली गोष्ट शूलपाणी नावाच्या साळिंदराची आहे.

साळिंदराच्या पाठीवर लांबलचक काळेपांढरे काटे असतात, हे तुम्ही चित्रात पाहिलं असेल. कोणी अंगावर आलं की ते काटे उभे राहतात. मग अंगावर आलेल्या प्राण्याला एकाएकी घरचं काम आठवतं. साळिंदराकडे दात नाहीत असं नाही, पण जंगलात त्याची पत आहे ती काट्यांमुळे.

शूलपाणीची मात्र आणखी एका कारणाने पत होती. त्या जंगलात यंत्राशी बोलता येणारा तो एकटाच होता.

पूर्वी तिथे राजाच्या पाट्या माकडं लिहीत. माकडांचं अक्षर चांगलं होतं, पण प्रत्येक माकड पाटीत पदरचं काहीतरी घाली. 'महाराजांचा विजय असो' एवढंच लिहायला सांगावं, तर 'महाराजांचा विजय असो, पण उंबराचं झाड कोणी तोडलं' असं लिहून ते मोकळं होई. महाराज वैतागले. मग प्रधानजींनी शहराकडून एक यंत्र आणवलं.

ते यंत्र म्हणजे एक सपाट पाट, पाटावर आडवी दांडी, दांडीवर सरकणारा हात आणि हाताच्या टोकाला चिमटा. चिमट्यात लेखणी अडकवायची, पाटावर पान ठेवायचं, की हात सरसर फिरून चित्र काढी, अक्षरं लिही. दरबारात त्याला 'राजरेखक' म्हणत. बाकीचे प्राणी 'रेघोट्या' म्हणत.

रेघोट्याला स्वतःचं मत नव्हतं. अक्कलही नव्हती. सांगाल तेवढं करायचं, न सांगितलेलं करायचं नाही. त्यामुळे दरबारात तो फार लवकर रुळला.

पण त्याला 'सिंह काढ' म्हणून भागत नसे. सिंह कशाशी खातात हे त्याला कुठे ठाऊक? त्याला एकेक हुकूम द्यावा लागे. दोन बोटं उजवीकडे जा. लेखणी टेक. एक बोट खाली ये. थोडा वळ. लेखणी उचल. पुढे जा. पुन्हा टेक. असे ढीगभर हुकूम एकापुढे एक लावले की त्याची फाईल होई. केळीच्या खोडावरच्या सोपटाच्या लांब पट्टीवर भोकं पाडून ही फाईल तयार करायची आणि यंत्राच्या तोंडात द्यायची. यंत्र एका बाजूने पट्टी गिळत जाई आणि दुसऱ्या बाजूने महाराज उमटत जात.

या फायली शूलपाणी करी. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, कुठे उचलायचं, कुठे टेकायचं, हे सगळं तो आधी डोक्यात फिरवून बघे. फुकटची एक फेरी वाचली तरी त्याला जेवण गोड लागे. काम करताना त्याला सिंह दिसत नसे, आयाळ दिसत नसे, अक्षरंही दिसत नसत. त्याला फक्त रेघा दिसत.

यंत्राला लेखणीही त्याचीच लागे. बोरू मोडायचा, पीस वाकायचं. साळिंदराचा काटा मात्र बिब्ब्याच्या काळ्या रसात बुडवला की सुरेख चाले. टोक बोथट झालं की शूलपाणी पाठीमागे हात घाली, डोळे मिटे आणि दुसरा काटा उपटून देई.

बदल्यात त्याला राजाश्रय मिळाला होता. राजाश्रय म्हणजे काय, ते लिहून घ्या. राजाश्रय म्हणजे जंगलात दुसरं कोणीही तुम्हाला खाणार नाही. राजाचं काय, हे त्यात सांगितलेलं नसतं.

"अहो, मागून तुम्ही आता घुशीसारखे दिसायला लागलात," त्याची बायको शलाका एक दिवस म्हणाली.

"उगवतील गं नवे."

"उगवतात त्याहून उपटणं जास्त चाललंय. मानेवर मूठभर राहिलेत."

"आपल्याला राजाश्रय आहे."

"बिबट्या अंगावर आला तर तो राजाश्रय पाठीवर उभा राहतो का?"

खरं सांगायचं तर शूलपाणीलाही भीती वाटे. ओढ्यावर पाणी प्यायला जाताना तो हल्ली झाडाला पाठ लावून उभा राही. मानेवरचे मूठभर काटे काही झालं तरी जाऊ द्यायचे नाहीत, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

इतक्यात महाराजांच्या राज्यारोहणाचा वार्षिक सोहळा आला.

प्रधानजी स्वतः शूलपाणीकडे आले. प्रधानजी म्हणजे हसमुखराव तरस. ते सदा हसत. खूश असत म्हणून नव्हे. तरसाचा घसाच तसा.

"सागाच्या पानांवर पाट्या हव्यात," हसमुखराव म्हणाले. "झाडाझाडावर लागल्या पाहिजेत. वर महाराजांचं चित्र, सिंहासनावर बसलेले. पोटाची रेघ जरा आत घ्या. खाली ओळ लिहायची, 'हे सिंहासन शोभते'. ओळ अगदी मधोमध आली पाहिजे."

"येईल."

"आणि चूक नको. पाटीत चूक करणाऱ्याचं काय होतं, ठाऊक आहे ना?"

शूलपाणीला ठाऊक होतं. चुकणाऱ्याच्या अंगावर जे काही असेल, पिसं, केस, काटे, ते उपटून त्याला महाराजांच्या भोजनाला बोलावत. भोजनाला म्हणजे जेवायला नव्हे.

शूलपाणी कामाला लागला. चित्राच्या रेघा लावून झाल्या. मग अक्षरं घेतली. अक्षरांची त्याची एक पद्धत होती. आधी सगळ्या अक्षरांची अंगं काढून घ्यायची आणि शेवटी वरची आडवी रेघ ओढायची. शब्द संपला की लेखणी उचल, थोडी पुढे ने, टेक, की पुढच्या शब्दाची रेघ सुरू. तुम्हाआम्हाला शब्द म्हणजे त्याचा अर्थ. यंत्राला शब्द म्हणजे न उचलता ओढलेली एक रेघ.

फाईल झाली. पहिलं पान लावलं. यंत्र छान चालू लागलं आणि मध्येच कटकन आवाज झाला. काटा मोडला. पान फाटलं. महाराजांच्या नाकापासून सिंहासनापर्यंत उभी चीर गेली.

शूलपाणीने पान उलटसुलट करून पाहिलं. सागाच्या पानाच्या मधोमध जाड शीर असते. ती चांगली उंच वर आलेली असते. काटा सरसर येऊन तिच्यावर आपटत होता.

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, फाटू दे. पण शूलपाणीला फाटकं काम खपत नसे, आणि काटे असेच मोडत राहिले तर पाळी मानेवरच्या काट्यांवर येणार होती. त्याने विचार केला आणि फाईलमध्ये एक युक्ती घातली. रेघ शिरेजवळ आली की काटा उचल, शीर ओलांड, पलीकडे टेक, पुढे जा. प्रत्येक रेघेला हाच नियम.

पुन्हा पान लावलं. काटा शिरेपाशी आला, अलगद उचलला गेला, पलीकडे टेकला आणि पुढे गेला. पान फाटलं नाही. महाराजांच्या नाकाला बारीकशी फट पडली होती, पण नाकपुडी म्हणून ती खपून गेली. शूलपाणीला इतका आनंद झाला की तो पानाकडे बराच वेळ बघत बसला. त्याला सगळ्या रेघा जिथल्या तिथे दिसल्या.

हसमुखरावांनी पान लांबून पाहिलं, फाईलवर पंजाचा शिक्का उठवला आणि दरबारात जाहीर केलं, "राजरेखकाचं काम आहे. यात चूक होऊच शकत नाही."

दुसऱ्या दिवशी झाडाझाडावर पानं लागली. कोणीच वाचली नाहीत. राजाची पाटी वाचायची त्या जंगलात पद्धतच नव्हती. पाटी आहे एवढं बघून प्राणी पुढे जात. शूलपाणी मात्र शलाकेला मुद्दाम घेऊन आला.

"बघ, एकही पान फाटलेलं नाही."

शलाका पानाजवळ गेली. तिने ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, 'हे सिंहास न शोभते' म्हणजे काय?"

"'सिंहासन' आहे ते."

"तुमच्या डोक्यात असेल. इथे 'सिंहास' आहे, मग मोकळी जागा, मग 'न'."

शूलपाणीने पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला रेघांऐवजी अक्षरं दिसली. ओळ अगदी मधोमध होती, प्रधानजींनी सांगितली होती तशी. चार अक्षरं डावीकडे, चार उजवीकडे, आणि बरोब्बर मध्ये शीर. शिरेच्या अलीकडे काटा उचलला होता, पलीकडे टेकला होता. 'हे सिंहास न शोभते.' वर महाराज सिंहासनावर बसले होते.

शूलपाणीच्या मानेवरचे मूठभर काटे आपोआप उभे राहिले.

त्याने ती फट हाताने जोडायचा प्रयत्न केला. पण शिरेवर काटा टिकेना, रस ओघळून जाई. बिब्ब्याचा रस वाळला की निघतही नाही, म्हणून पुसायचीही सोय नव्हती. तेवढ्यात जवळून एक गवा चालला होता. त्याने काय गडबड आहे म्हणून मान वळवली आणि पाटी वाचली. गवा मनात वाचत नसतो. तो मोठ्याने वाचतो, एकेक अक्षर लावून.

संध्याकाळपर्यंत जंगलभर झालं. जो तो पाटीजवळ जाऊन वाचू लागला, आणि वाचून झाल्यावर गंभीर चेहरा करून झाडामागे जाऊन हसू लागला. प्रत्येकाला त्यात आपल्या मनातलं सापडलं. रात्रंदिवस घोरणं, हे सिंहास न शोभते. आयतं खाणं, हे सिंहास न शोभते. ससे तर शूलपाणीला वाटेत थांबवून त्याचा हात हातात घेऊ लागले.

"काय छाती आहे तुमची," ससे कुजबुजत.

"अहो, छाती कसली? पानाला शीर होती."

"असं बोलायचं असतं, आम्हाला कळतं." ससे डोळे मिचकावत निघून जात.

शूलपाणी धावत हसमुखरावांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. हसमुखराव हसले. अर्थात ते हसणारच.

"यंत्र चुकलं म्हणता?"

"नाही, प्रधानजी, फाईल चुकली. माझी चूक. सगळी पानं उतरवू आणि ओळ थोडी सरकवून पुन्हा काढू."

"फाईलवर शिक्का कोणाचा आहे?"

"आपला."

"मग चूक नाही. पानं उतरवली की चूक होती असं होतं."

"पण महाराजांनी वाचलं तर?"

"महाराजांना वाचता येत नाही असं नाही, पण त्यांना वाचावं लागत नाही. मी वाचून दाखवतो. आणि मी वाचताना मध्ये थांबत नाही."

हसमुखरावांनी खरंच महाराजांना ओळ वाचून दाखवली, एका दमात. महाराजांनी जांभई दिली आणि छान आहे म्हणाले. शूलपाणीचा जीव भांड्यात पडला.

सोहळ्याचा दिवस उजाडला. महाराज सिंहासनावर बसले. समोर सगळं जंगल जमलं. आता घोषणा द्यायची तर रीत अशी, की अर्धी एकाने म्हणायची आणि उरलेली सगळ्यांनी. पहिली अर्धी धनेश पक्ष्याकडे होती, कारण त्याचा आवाज मोठा. धनेश बिचारा सरळमार्गी. त्याने समोरचं पान बघितलं आणि जिथे मोकळी जागा दिसली तिथे श्वास घेतला.

"हे सिंहास," धनेश म्हणाला.

"न शोभते," सगळं जंगल म्हणालं.

महाराजांची जांभई अर्ध्यावर राहिली.

"पुन्हा म्हणा," ते म्हणाले.

राजाने सांगितलं म्हटल्यावर म्हणावंच लागलं. या वेळी आवाज बारीक होता, पण शब्द स्वच्छ ऐकू आले. महाराजांनी समोरच्या झाडावरच्या पाटीकडे बोट केलं.

"हे कोणी लिहिलं?"

सगळ्यांनी शूलपाणीसाठी वाट मोकळी केली. ससे सर्वांत आधी बाजूला झाले. शूलपाणी पुढे आला.

"महाराज, मध्ये शीर आली, म्हणून मी उचलला."

"कोणाचं शिर?" महाराज ताठ बसले.

"पानाची शीर, महाराज. काटा उचलला. काटा मोडत होता, पान फाटत होतं. माझ्या मनात काही नव्हतं. देवाशपथ, चूक झाली."

हे ऐकून जंगलाचा विरसच झाला. ससे एकमेकांकडे बघून म्हणाले, "म्हणजे छाती नव्हतीच." आणि त्या क्षणापासून त्यांनी शूलपाणीला ओळख दाखवणं बंद केलं.

महाराज प्रधानजींकडे वळले. "यंत्र चुकलं?"

"राजरेखक चुकत नाही, महाराज. मी भर दरबारात सांगितलं आहे."

"मग फाईल चुकली?"

"फाईलवर माझा शिक्का आहे."

"म्हणजे कोणीच चुकलं नाही."

"कोणीच नाही, महाराज."

"मग माझ्या राज्यात झाडाझाडावर लिहिलंय की हे मला शोभत नाही, आणि ते बरोबर आहे."

हसमुखराव हसले. या वेळचं हसणं नेहमीपेक्षा बारीक होतं आणि ते बराच वेळ थांबलं नाही. ते विचार करत होते. मुलांनो, प्रधान होणं सोपं नाही. तुम्हीआम्ही असतो तर तिथेच रडलो असतो.

"अगदी बरोबर आहे, महाराज," हसमुखराव म्हणाले. "हे सिंहास न शोभते. हे म्हणजे हे." त्यांनी पंजाने सिंहासन दाखवलं. "हा फणसाचा ओंडका. यावर आपण बसावं? आम्हाला तोंडाने बोलायचं धाडस होईना, म्हणून पानावर लिहिलं. नवं सिंहासन झालंच पाहिजे, अशी सगळ्या जंगलाची मागणी आहे."

महाराजांनी खाली पाहिलं. ओंडका त्यांना बरेच दिवस अरुंद होत होता. त्यांनी समोर पाहिलं. "अशी मागणी आहे?"

सगळ्या जंगलाने मान हलवली. दुसरं काय हलवणार?

"बरं," महाराज विरघळून म्हणाले. "प्रजेचं मन मोडवत नाही. चांगलं ऐसपैस करा. टेकडीवर करा. ओंडके गव्यांनी आणावेत. आणि मागे प्रभावळ हवी. देवाच्या मूर्तीमागे असते तशी. ताठ, चकचकीत, काळीपांढरी."

काळीपांढरी म्हटल्यावर सगळ्यांचे डोळे एकाच पाठीवर आले.

शूलपाणीला कळायला वेळ लागला नाही. तो जमिनीला डोकं लावून म्हणाला, "महाराज, माझी चूक आहे. खरंच चूक आहे. माफ करा, मला जाऊ द्या."

"चूक कसली, वेड्या," महाराज प्रेमाने म्हणाले. "एवढी चांगली सूचना तुझ्या हातून आली. हा तुझा सन्मान आहे."

मग त्याचा सन्मान झाला. चूक झाली की काटे उपटत, सन्मान असला की काढून घेत. पाठीला फरक कळला नाही. मानेवरचा शेवटचा काटा निघाला तेव्हा शूलपाणी मोठ्याने रडला, आणि हसमुखरावांनी जाहीर केलं की त्याला आनंदाश्रू आवरत नाहीत. काटे प्रभावळीला लावून काही उरले. ते यंत्रासाठी ठेवून घेतले.

सूर्य मावळायला शूलपाणी घरी आला. अंग सोललेल्या रताळ्यासारखं झालं होतं. शलाका बिळाच्या तोंडाशी उभी होती. तिला खूप बोलायचं होतं, पण त्याचा चेहरा पाहून तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिला भरून आलं.

"आत या आधी," ती म्हणाली. "बाहेर तुम्हाला कोणी ओळखणार नाही. आणि ओळखलं तर खाईल."

तिने त्याला आत घेतलं आणि स्वतः बिळाच्या तोंडाशी पाठ करून बसली, काटे उभारून. तेव्हापासून ती तिथेच बसते.

टेकडीवर नवं सिंहासन झालं. गवे ओंडके वाहून वाहून अर्धे झाले. सशांनी गादीसाठी अंगावरची लव दिली, तीही सन्मानाने. मग नव्या सिंहासनाच्या नव्या पाट्या करायची वेळ आली. हसमुखराव म्हणाले, फाईल शिक्क्याची आहे, ती बदलता येणार नाही. नुसतं चित्र नव्या सिंहासनाचं घाला. शूलपाणीने बिळातूनच चित्राच्या रेघा सांगितल्या. खालच्या ओळीला त्याने हात लावला नाही. रेघोट्याने पट्टी गिळली, शिरेपाशी काटा उचलला, पलीकडे टेकला. झाडाझाडावर पुन्हा पानं लागली.

पण आता कोणी झाडामागे जाऊन हसत नाही. त्या फटीपाशी थांबलं तर काय होतं, हे सगळ्यांना पुरतं कळलं आहे. धनेश छाती भरून आधीच श्वास घेतो. गवाही अक्षर लावत बसत नाही. आईबाप पोरांना शिकवतात की पाटी वाचताना मध्ये थांबायचं नाही, थांबलास तर मार खाशील. सगळं जंगल एका दमात म्हणतं, हे सिंहासन शोभते.

शूलपाणी बिळात बसून ऐकतो. कुठेही फट राहिलेली नसते. जी रेघ त्याला जोडता आली नाही, ती आता सगळ्यांनी मिळून जोडली आहे. इतकं सफाईदार काम त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं.

तात्पर्य : काम नेहमी निष्काळजीपणे करावे. पान फाटले तर दुसरे पान मिळते. पान नीट राहिले तर लोक ते वाचतात.